खांद्याचं दुखणं, पाठीचा मणका आणि कारणाचा शोध



मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'कारण' या कल्पनेविषयी बोललो. नैयायिकांनी कारणाची व्याख्या कशी केली, ह्यूमने तिच्यावर कोणती शंका घेतली, हे पाहिलं. नंतर बऱ्याच जणांनी कळवलं की, सर, हे सगळं ठीक आहे, पण ते घट आणि कुंभार सोडून आमच्या रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण घ्या. म्हणून आज एक दुखणं घेतो, खांद्याचं. आपल्या श्रोत्यांचं सरासरी वय लक्षात घेता हे उदाहरण फार लांबचं वाटणार नाही. (हशा)

एक खुलासा आधीच करतो. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पदवीमुळे. त्यामुळे मी औषध देत नाही, आणि आजचं बोलणं म्हणजे उपचाराचा सल्ला नाही. एखाद्या उपचाराने बरं वाटलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात नेमका कोणता दावा असतो, एवढंच मला तपासायचं आहे. हा दावा नीट तपासला नाही तर त्याची किंमत मोजावी लागते. कधी पैशांत, कधी नको असलेल्या ऑपरेशनमध्ये, आणि कधी आपल्या शरीरावरचा विश्वास गमावण्यात.

आता दुखणं काय आहे ते पाहू. दोरीवर कपडे वाळत घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, बसमध्ये वरची दांडी धरताना खांद्यात कळ येते. हात बाजूने वर नेताना सुरुवातीला काही वाटत नाही. साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान दुखतं आणि त्यापुढे पुन्हा जरा सुसह्य होतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरांकडे गेलं की शब्द कानावर येतो, 'शोल्डर इम्पिंजमेंट'.

इम्पिंजमेंट म्हणजे चिमटणं, दाबलं जाणं. पाठीवर जे त्रिकोणी पसरट हाड असतं, ज्याला आपण फरा म्हणतो, त्याचं एक टोक पुढे येऊन खांद्यावर छपरासारखं आडवं असतं. त्याला ॲक्रोमियन म्हणतात. त्या छपराखाली दंडाच्या हाडाचा गोळा. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेतून चार स्नायूंच्या गटापैकी, म्हणजे रोटेटर कफपैकी, मुख्यतः वरच्या स्नायूची कंडरा जाते. तिच्यावर बर्सा नावाची एक पातळ पिशवी असते. हात वर केला की जागा आणखी आवळते, कंडरा छपराला घासते, तिची झीज होते, सूज येते आणि दुखतं. अशी ही कथा आहे.

मी मुद्दाम 'कथा' म्हणतो. कथा म्हणजे खोटी असं नव्हे. कथा म्हणजे घटनांची अशी जुळणी, की ऐकणाऱ्याला 'हां, आता समजलं' असं वाटतं. ही कथा लोकप्रिय केली अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद चार्ल्स नीर यांनी, १९७२ सालच्या एका निबंधात. उपाय कथेतूनच निघत होता. छप्पर खाली आलं असेल तर ते तासून घ्या. पुढे ते दुर्बिणीतून करता येऊ लागलं आणि संख्या भराभर वाढली. इंग्लंडमध्ये २०००-०१ साली अशी सुमारे २,५०० ऑपरेशनं झाली होती. २००९-१० साली ती २१,००० च्या वर गेली. लोकांना बरंही वाटत होतं. मग शंका कशाला घ्यायची?

शंका घेतली ती ब्रिटनमधल्याच संशोधकांनी. ३२ रुग्णालयांतले ३१३ रुग्ण घेतले. सगळ्यांना निदान तीन महिने दुखणं होतं, आधीचे साधे उपचार करून झालेले होते, आणि कोणाचीही कंडरा पूर्ण फाटलेली नव्हती. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाचं हाड खरोखर तासलं. दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घातली, आत पाहिलं आणि काहीही न तासता बाहेर काढली. तिसऱ्या गटाला काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी खांद्याची अवस्था ४८ पैकी गुण देऊन मोजली. हाड तासलेल्यांना सरासरी ३२.७, नुसती दुर्बीण घातलेल्यांना ३४.२, आणि काहीच न केलेल्यांना २९.४.

आकडे नीट ऐका. तासलेले आणि न तासलेले, दोघे बरोबरीत. काहीच न केलेले थोडे मागे, पण तेही पहिल्यापेक्षा सुधारलेले. आणि हा जो थोडा फरक आहे, तो रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवावा इतका मोठा नव्हता. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी फिनलंडच्या अभ्यासातही तासण्याचा जाणवण्याइतका जास्तीचा फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या तज्ज्ञगटाने अशा रुग्णांसाठी हे ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली. म्हणजे कथा सुंदर होती, उपाय कथेला धरून होता, लोक बरेही होत होते. तरीही बरं होण्याचं कारण हाड तासणं हे नव्हतं.

ही झाली पार्श्वभूमी. आता आजच्या मुख्य विषयाकडे येतो. दुखतो खांदा आणि फिजिओथेरपिस्ट हात ठेवतो पाठीवर, हे काय प्रकरण आहे?

मणक्यावर हाताने उपचार करणं फार जुनं. आपल्याकडे हाडवैद्य होते, आजही आहेत. ग्रीकांच्या हिपोक्रेटीसच्या परंपरेतल्या ग्रंथांत पाठ ताणण्या-दाबण्याचं वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत त्यातून ऑस्टिओपथी आणि कायरोप्रॅक्टिक अशा दोन स्वतंत्र शाखा निघाल्या. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी फिजिओथेरपीसाठी त्याला शिस्त लावली. किती दाब, किती खोल, किती लयीत, याच्या पायऱ्या ठरवल्या. हळूहळू झुलवत दाब देणं हे मोबिलायझेशन. एकदाच झटका देणं, ज्यात बहुधा 'कट्' असा आवाज येतो, ते मॅनिप्युलेशन. त्या आवाजाबद्दल सांगून टाकतो. तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, तिच्याशी त्याचा संबंध आहे. कॅनडात २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचं एमआरआय चालू असतानाच हे टिपलं गेलं. आपण बोटं मोडतो तोच हा प्रकार.

पण खांद्यासाठी पाठ का? याला दोन युक्तिवाद दिले जातात. पहिला यांत्रिक. तो तुम्ही बसल्या जागी करून पाहा. करा ना, घरी कोणी बघत नाही. पाठीला पोक काढून बसा आणि एक हात बाजूने वर न्या, दुखू लागेल तिथे थांबा. कुठपर्यंत गेला बघा. आता ताठ बसा आणि तोच हात पुन्हा वर न्या. जास्त गेला ना? फरा बरगड्यांवर सरकतो, बरगड्या छातीच्या मणक्यांना जोडलेल्या, आणि हात पूर्ण वर जायला तो मणका थोडा मागे झुकावा लागतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांनी पोक काढून हात उचलला तेव्हा तो सरासरी वीसहून अधिक अंश कमी गेला, ताकदही घटली. म्हणून म्हणतात की आखडलेला मणका मोकळा करा, फरा नीट सरकेल, खांद्यातली जागा वाढेल. दुसरा युक्तिवाद मज्जासंस्थेचा. मणक्याजवळ दिलेल्या दाबामुळे वेदनेचे संदेश काही काळ मंदावतात, आणि तेवढ्या वेळात माणूस हात हलवू लागतो.

पहिला युक्तिवाद तुम्हाला पटला असेल, कारण तुम्ही तो आत्ताच अंगाने अनुभवलात. इथेच सावध व्हायचं. आपण काय सिद्ध केलं? पोक काढल्यावर हात कमी वर जातो, एवढंच. त्यावरून 'पोक आहे म्हणून खांदा दुखतो' हे निघत नाही. दार अर्धं लावलं तर कपाट आत येत नाही, हे खरं. पण कपाटाचा पाय मोडला तो दारामुळेच, असं त्यावरून म्हणता येत नाही. खांदेदुखीच्या लोकांच्या पाठीचा बाक निरोगी लोकांशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. दोहोंत म्हणावा असा फरक मिळाला नाही. ताठ बसल्यावर हात जास्त वर जातो, हे मात्र त्यातही खरं ठरलं.

आता नैयायिकांना बोलवू. मागे आपण पाहिलं, कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारं, आणि 'अन्यथासिद्ध' नसणारं. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर तर आहे, पण कार्याशी देणंघेणं नाही. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाने 'भाषापरिच्छेदा'त अन्यथासिद्धाचे पाच प्रकार सांगितले. त्यातलं सगळ्यांना आठवतं ते गाढव. कुंभाराने गाढवावरून माती आणली आणि घट झाला. गाढव आधी होतं, पण घटाचं कारण नव्हे, कारण गाढवाशिवायही घट होतो. आपली मराठी म्हण हेच सांगते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि बिचारा कावळा बदनाम होतो.

पण त्या यादीत आणखी एक आहे, त्याच्याकडे फार कोणी पाहत नाही. ते म्हणजे दंडाचं रूप. कुंभार ज्या काठीने चाक फिरवतो, त्या काठीचा रंग. काठी कारण आहे, तिचा रंग कारण नाही. पण गंमत बघा. गाढव वेगळं काढणं सोपं आहे, गाढवाविना झालेला दुसरा घट दाखवला की झालं. रंग मात्र काठीला चिकटलेला. जिथे काठी तिथे तिचा रंग, तो सोलून बाजूला ठेवता येत नाही. नुसतं बघत राहून कारण काठी की रंग, हे कळायचं नाही. त्यासाठी मुद्दाम वेगळी रचना करावी लागते.

मणक्याचा उपचार नेमका असा आहे. थेरपिस्टने पाठीवर झटका दिला, ही एक गोष्ट. पण तिला चिकटून किती गोष्टी येतात पाहा. कोणीतरी अर्धा तास शांतपणे तुमचं ऐकून घेतलं. दुखऱ्या अंगाला जाणत्या हाताचा स्पर्श झाला. 'कट्' आवाज आला, म्हणजे काहीतरी झालं असं वाटलं. 'आता हात उचलून बघा' असं सांगितलं आणि तुम्ही भीती सोडून उचललात. शिवाय काळही गेला. दुखणं चढाला असतं तेव्हाच आपण दवाखान्याची पायरी चढतो, आणि चढाला असलेलं दुखणं बहुतेकदा पुढे उतरतंच. मग यात काठी कोणती आणि रंग कोणता?

तीन अभ्यास ओळीने पाहू. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा, २००४ मधला. खांदेदुखीचे १५० रुग्ण. निम्म्यांना कौटुंबिक डॉक्टरचे नेहमीचे उपचार, उरलेल्यांना तेच उपचार आणि शिवाय मान, पाठ व बरगड्यांच्या सांध्यांवर हाताने उपचार. १२ आठवड्यांनी पूर्ण बरे झालो असं म्हणणारे दुसऱ्या गटात ४३ टक्के, पहिल्या गटात २१ टक्के. दुप्पट! कोणालाही वाटेल, झालं सिद्ध. पण विचार करा, दोन गटांत फरक कशाचा होता? झटक्याचा होताच. पण स्पर्शाचा, वेळेचा, अपेक्षेचाही होता. सगळी काठी रंगासकट एकाच बाजूला होती. एवढं म्हणता येईल की हे सगळं मिळून काहीतरी उपयोग झाला. कशाने झाला, हे म्हणता येत नाही.

दुसरा अमेरिकेतला, २०१५ चा. रुग्ण इम्पिंजमेंटचेच. एका गटाच्या छातीच्या मणक्याला खरा झटका दिला. दुसऱ्याला तसंच झोपवलं, तसाच हात ठेवला, पण झटका दिला नाही. लगेच मोजमाप केलं. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि सारखंच कमी झालं. शिवाय मणक्याच्या आणि फऱ्याच्या हालचालीत झटक्यामुळे काही बदल झाला का, तेही मोजलं. नाही झाला. म्हणजे 'मणका मोकळा झाला म्हणून फरा नीट सरकला' या साखळीची पहिली कडीच मिळाली नाही. ही आपली सोललेली काठी. झटका हा रंग निघाला.

तिसरा, २०१६ चा, तोही अमेरिकेतलाच, अनेक केंद्रांवरचा. १४० रुग्ण. व्यायाम सगळ्यांना दिला. एका गटाला सुरुवातीच्या बैठकांत मान-पाठीवर हाताने उपचारही केले. दुखणं आणि हाताचं काम या मोजपट्ट्यांवर दोन गटांत फरक आला नाही. पण 'तुम्हाला किती बरं वाटतंय' असं विचारलं तेव्हा, चार आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनीही, हाताचे उपचार घेतलेल्यांनी जास्त समाधान सांगितलं.

हा तिसरा निकाल मला फार विचार करण्यासारखा वाटतो. मोजपट्टी म्हणते फरक नाही, माणूस म्हणतो फरक आहे. खोटं कोणीच बोलत नाही. दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. एक प्रश्न खांद्याचा, दुसरा माणसाचा. आपली कोणीतरी नीट दखल घेतली, याचं मोल माणूस लावतो. ते मोल लटकं नाही. फक्त ते मणक्याच्या खात्यावर जमा करू नये.

आता व्यायाम. इथेही तीच कसोटी लावू, नाहीतर अन्याय होईल. स्वीडनमधल्या लिंशोपिंगचा २०१२ मधला अभ्यास पाहा. ऑपरेशनच्या यादीत नाव लागलेले १०२ रुग्ण. सगळ्यांना सुरुवातीला एक स्टिरॉइडचं इंजेक्शन. मग एका गटाला रोटेटर कफ आणि फऱ्याभोवतीच्या स्नायूंना हळूहळू भार वाढवत नेणारे ठरावीक व्यायाम, दुसऱ्याला मान-खांद्याच्या नुसत्या मोकळ्या हालचाली, भार नाही. तीन महिन्यांनी विचारलं, आता ऑपरेशन हवं का? पहिल्या गटात २० टक्के हो म्हणाले, दुसऱ्यात ६३ टक्के. व्यायाम दोघांनी केला, लक्ष दोघांकडे दिलं, फरक मुख्यतः भाराचा. इथे काठी हातात आल्यासारखी वाटते.

पण २०२१ मध्ये ब्रिटनचा मोठा अभ्यास आला, ७०८ रुग्णांचा. एका गटाला फिजिओथेरपिस्टकडे सहापर्यंत बैठका, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. दुसऱ्याला एकच बैठक, त्यात नीट सल्ला आणि घरी करायचा सोपा व्यायाम. वर्षभरात दोन्ही गट सारखेच सुधारले. इंजेक्शनचा फायदा झाला तो सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता आणि थोडासा. यावरून व्यायाम निरुपयोगी असं ठरत नाही, कारण दोघांना व्यायाम दिलाच होता. ठरतं ते एवढं की सहा वेळा जाऊन करून घेणं हे एकदा नीट समजून घेऊन घरी करण्यापेक्षा सरस ठरलं नाही. ज्यांना फी आणि रिक्षाभाडं दोन्ही परवडत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी बातमी आहे.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. खांदा दुखतो म्हणून ती एका ठिकाणी जात असे. नाव सांगत नाही. तिथे तिला सांगितलं, 'आजी, तुमचा मणका सरकलाय, मी बसवून देतो, पण तो परत सरकेल, तेव्हा दर आठवड्याला या.' दाबून घेतलं की दोन दिवस बरं वाटायचं. पण तिने हळूहळू बादली उचलणं सोडलं, दोरीवर कपडे घालणं सोडलं, पणतूला कडेवर घेणं सोडलं. का, तर मणका सरकेल. मी तिला विचारलं, 'अक्का, अगं दुखतो खांदा, मग घाबरतेस मणक्याला का?' ती म्हणाली, 'तू काही डॉक्टर नाहीस.' ते खरंच होतं. (हशा) मग ती एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेली. तिनेही पाठीला हात लावला, पण सांगितलं वेगळंच. 'आजी, काही सरकलेलं नाही. स्नायू कमजोर झालेत, थोडं दुखेल, पण दुखणं म्हणजे नुकसान नव्हे. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि मी दाखवते तसं करा.' तीन-साडेतीन महिने अक्काने ते केलं. खांदा आजही अधूनमधून कुरकुरतो. कपडे मात्र ती वाळत घालते.

अक्का एकटी, म्हणून ती पुरावा नाही. आत्ताच एवढं बोलून मी तिला पुरावा म्हणून मांडलं तर तुम्ही मला उठवाल. मी ती गोष्ट सांगतो ती दोन वाक्यांमधला फरक दिसावा म्हणून. दोघांनी पाठीला हात लावला. एकाच्या वाक्याने ती रुग्ण होऊन राहिली, दुसऱ्याच्या वाक्याने ती कामाला लागली. उपचारात शब्दही दिले जातात आणि शब्दांनाही परिणाम असतात. म्हणून हल्ली अनेक तज्ज्ञ 'इम्पिंजमेंट' हा शब्दच नको म्हणतात. त्याऐवजी रोटेटर कफशी निगडित खांदेदुखी, असं साधं म्हणा. 'चिमटतंय' म्हटलं की माणूस हात उचलायला घाबरतो, आणि हाड तासून घेणं त्याला आपोआप पटतं.

मग करायचं काय? मला जे निघताना दिसतं ते सांगतो. अशा दुखण्यात घराचा पाया व्यायाम हाच. भार हळूहळू वाढवायचा, धीर निदान १२ आठवड्यांचा. करताना थोडं दुखलं तरी चालतं. स्वीडनच्या त्या अभ्यासात शून्य ते दहाच्या पट्टीवर पाचपर्यंतचं दुखणं मान्य होतं, मात्र पुढच्या व्यायामाच्या आधी ते मूळ पातळीवर यायला हवं. पाठीवरचे हाताचे उपचार हे पायऱ्यांना असलेल्या कठड्यासारखे. सुरुवातीला धरायला बरे, पण चढायचं पायांनीच. आणि थेरपिस्टला तीन प्रश्न विचारा. हे किती वेळा करणार? मी घरी काय करायचं? कशावरून ठरवायचं की आता थांबायचं? तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर दुसरीकडे जा.

काही ठिकाणी मात्र घरचा व्यायाम करत बसू नये. पडल्यानंतर अचानक हात उचलताच येईना, ताप आहे, वजन घटतंय, हाताला मुंग्या येऊन ताकद जातेय, तर आधी डॉक्टर. डाव्या खांद्यात दुखून छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तो खांदा नव्हे, तिथे एक मिनिटही घालवू नका. मधुमेह असेल आणि दुसऱ्यानेही हात फिरवला तरी तो बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर तो बहुधा फ्रोझन शोल्डर, त्याची वाट वेगळी. हाडं ठिसूळ झालेली असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर पाठीवर झटका घेऊ नका. आणि मानेला झटका कोणाकडूनही सहज घेऊ नका, केशकर्तनालयात तर नाहीच. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटण्याचा धोका दुर्मीळ आहे, पण घडलं तर पक्षाघात होऊ शकतो. खांद्याच्या दुखण्यासाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, माझ्या एमआरआयमध्ये कंडरा थोडी फाटली आहे असं आलंय. तरी व्यायाम?

उत्तर: तुमच्या खांद्याबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील. मी चित्राबद्दल सांगतो. खांदा अजिबात दुखत नसलेल्या ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी एका अभ्यासात केली. ९६ टक्के लोकांच्या खांद्यात काही ना काही 'बिघाड' दिसला. म्हणजे चित्रात दिसणं आणि दुखण्याचं कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी. चेहऱ्यावर सुरकुत्या दिसतात म्हणून चेहरा दुखतो का? अपघाताने एकदम फाटणं ही मात्र वेगळी बाब, तिथे शल्यविशारदाला लवकर दाखवा. म्हणून डॉक्टरांना असं विचारा की हे जे दिसतंय, तेच माझं दुखणं आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?

प्रश्न: मग मणका दाबणाऱ्यांनी आम्हाला फसवलं असंच ना?

उत्तर: नाही. फसवणं म्हणजे माहीत असून खोटं सांगणं. बहुतेकांनी तसं केलेलं नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की दाबलं आणि बरं वाटलं. काठीचा रंग काठीपासून वेगळा दिसत नाही, हीच तर अडचण. पण आता तो वेगळा करून पाहिला गेला आहे. आता कळल्यानंतरही जो 'मणका सरकलाय' म्हणत राहील, त्याला मात्र हा बचाव उरत नाही.

प्रश्न: पण बरं वाटतंय ना? कशाने वाटतंय याच्याशी आम्हाला काय करायचंय?

उत्तर: हा आजचा सर्वांत चांगला प्रश्न. दोन दिवस बरं वाटण्यापुरतं म्हणाल, तर काही करायचं नाही. पण कारण चुकीचं समजलात तर पुढची कृती चुकते. मणका सरकतो असं समजलात तर तुम्ही बादली उचलणं सोडाल आणि दर आठवड्याला कोणाच्या तरी दारात उभे राहाल. स्नायूला भार हवा असं समजलात तर तुम्ही बाटली उचलाल. दुखणं तेच, स्पर्शही कदाचित तोच, पण एका समजुतीत तुमचा खांदा दुसऱ्याच्या हाती राहतो आणि दुसरीत तो तुमच्या हाती येतो. कारणाचा विचार कशासाठी करायचा असं मला पूर्वी वर्गात मुलं विचारायची. त्यांनाही मी हेच सांगत असे, की कृती नीट व्हावी म्हणून.

वेळ संपली आहे. पुढच्या व्याख्यानात 'प्रमाण' म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचं, हा विषय घेऊ. तोपर्यंत ज्यांचे खांदे दुखत आहेत त्यांनी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा.